कोनेर बाबाजी नाकेकर ग्रंथकार जाहले ती हकीकत

श्री वाग्देवता प्रसन्न असो. दौतीतील शाई वाळू न देवो, बोरूचे टोक ऐन वाक्यात न मोडो, आणि ऐकणारांस मध्येच जांभई न येवो. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी एक राज्य होते. त्याचे नांव सांगण्याची आज्ञा नाही, आणि सांगितल्याने हकीकतीत काही भर पडते ऐसेही नाही. राज्यास एके बाजूस समुद्र, दुसरे बाजूस मैदान, मध्ये डोंगराची भिंत, आणि त्या भिंतीतून वर चढणारा एक घाट, आणि घाटमाथ्यावर सरकारचा जकातनाका, आणि त्या नाक्यावर कोनेर बाबाजी म्हणोन कारकून होते. वय तिशीचे, अंगाने सडपातळ, अक्षर वळणदार, स्वभाव भिडस्त. खालून मिठाचे, नारळाचे, सुक्या मासळीचे बैल येत, वरून गुळाचे, कापडाचे, हळदीचे जात, आणि कोनेरपंत उंबराखाली बैठक घालून माल लिहून घेत, जकात घेत आणि पावती देत, ऐसा रोजचा क्रम होता. घरी कुटुंब जिऊबाई, ती बोलण्यात रोखठोक आणि हाताची चलाख, सबब संसारात उणे काही नव्हते. परंतु त्या साली पंत जकातीचा भरणा घेऊन राजधानीस गेले, आणि तेथे देवळाच्या मंडपात कोणी नवा ग्रंथ वाचीत होते तो ऐकावयास उभे राहिले. पुढे एक सराफ बसला होता. त्याचा मुलगा दारातून हाका मारीत होता, की दुकानी गिऱ्हाईक खोळंबले आहे, आणि सराफ मागे न पाहता हातानेच त्यास "जा, जा" करीत होता, आणि तोंड वाचणाराकडे, आणि डोळ्यांत पाणी. ते पाहून पंत ग्रंथ संपेतो तेथून हलले नाहीत. मनी म्हणाले, "गिऱ्हाईक सोडून सराफ बसून राहतो, ऐसे या कागदांत काय आहे? आपल्या हातून ऐसे काही घडले तर जन्मास आल्याचे सार्थक." आणि ते वेड डोक्यात घेऊन घाटमाथ्यावर परतले.

मग ग्रंथाचा उद्योग मांडिला. विषय निवडिला तो राज्याच्या स्थापनेचा, कारण थोर ग्रंथ थोर विषयावरच असतो ऐसा त्यांचा समज. प्रथम गणपतीस नमन, मग सरस्वतीस, मग गुरूस, मग गुरूंच्या गुरूस, मग सज्जनांस, मग दुर्जनांसही, की त्यांनी निंदा न करावी. मग सृष्टीची उत्पत्ती, मग राजवंशाची वंशावळ, आणि इतके होईतो पावसाळा सरला आणि वंशाचा मूळपुरुष अद्याप जन्मास आला नव्हता. जिऊबाईने एके दिवशी पुसिले, "अहो, लढाई कधी होणार?" पंत बोलिले, "आधी घोड्याचे वर्णन व्हावयाचे आहे." मग घोड्याचे वर्णन जाहले, आणि त्यात वीज, वारा, समुद्र आणि गरुड इतके दाटले की घोडा कोठे दिसेना. तथापि पंतांस आपले लिहिणे इतके गोड लागे की स्वतःच वाचीत आणि स्वतःच मान डोलवीत. मग मनात आले की ग्रंथकाराने नाक्यावर मिठाची पोती पाहत बसणे शोभत नाही, आणि राजीनामा लिहून नाक्याचे हवालदार सटवोजी यांजपुढे ठेविला. सटवोजी म्हणजे मिशा भरघोस, आवाज मोठा, त्यांनी ओरडावे आणि खालच्या वळणावर बैल थबकावे ऐसा दरारा. त्यांनी कागद पाहून पुसिले, "पंत, ग्रंथ हुजुरात पसंत जाहला?" पंत म्हणाले, "अजून धाडावयाचा आहे." "मग पसंत होऊ द्या. तोवर हा कागद मला मिळालाच नाही." ऐसे बोलून राजीनाम्याची सुरळी केली आणि त्या सुरळीने चिलीम पेटविली. पंतांस ते समयी अपमान वाटला. उपकार वाटावयास पुढे बरेच दिवस लागले.

राजधानीत हुजूर ग्रंथशाळा होती. गावोगावचे लोक आपली बाडे तेथे धाडीत, तेथील अधिकारी वाचीत, आणि पसंत पडेल त्याच्या नकला करवून देवळोदेवळी आणि चावडीचावडीस रवाना करीत. त्या राज्यात ग्रंथकार होणे म्हणजे हेच. पंतांनी बाड तांबड्या रुमालात बांधून धाडिले आणि वाट पाहू लागले. घाटात डाकेचा जासूद दिसला की बैल तसेच सोडून पुढे धावत, आणि तो "तुमचे काही नाही" म्हणाला की पाणी पिण्याचे निमित्त करून परत येत. मग पुढील साल, विरोधकृत् संवत्सर, लागले आणि नांवाप्रमाणे वागले, म्हणजे बाड परत आले. वर चिठी होती, ती ऐसी: "बाड पोहोचले. उद्योग स्तुत्य. सांप्रत शाळेत जागा नाही. लोभ असो द्यावा." पंतांनी ती उभ्याने वाचिली, बसून वाचिली, आणि घरी येऊन म्हणाले, "जिऊ, स्तुत्य म्हणतात, म्हणजे आवडले. सांप्रत म्हणतात, म्हणजे पुढे जागा होईल. आणि लोभ असो द्यावा, म्हणजे पुन्हा धाडाच ऐसे सुचवितात." जिऊबाई भाकरी थापीत होती, ती मान वर न करिता बोलिली, "जागा नाही म्हणजे नाही हो. आमच्या आत्याबाई नको असलेल्या पाहुण्यास अस्सेच गोड बोलून वाटेस लावीत." पंत त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यातच दुसरे संकट आले. पंतांचे शाळासोबती त्रिंबक शामजी, दोघांनी एका पाटीवर मुळाक्षरे गिरविलेली, त्यांचा ग्रंथ पसंत पडला. आणि नुसता पसंत नव्हे, तर महाराजांनी शालजोडी दिली, पालखीचा मान दिला, आणि ती पालखी याच घाटातून गेली आणि कोनेरपंतांस नाक्यावर तिची नोंद करावी लागली. त्रिंबकपंतांनी पडदा सारून म्हटले, "कोनेरा! अरे, तुझे काय चालिले आहे?" कोनेरपंत बोलिले, "चालिले आहे," आणि हसले, आणि घरी जाऊन त्यांनी अंथरूण धरिले. वैद्यास बोलाविले. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि दुखणे काही सापडेना. जिऊबाई म्हणाली, "वैद्यबुवा, काढे नकोत. यांस पालखी बाधली आहे." वैद्य गेल्यावर ती उशाशी बसली आणि मऊ आवाजात बोलिली, "माझ्या माहेरच्या गावी रखमाक्का आहेत. थोरल्या महाराजांचे वेळी राजवाड्यातील बायकांस कथा सांगत, पुढे लिहू लागल्या, आणि त्यांच्या कथा अजून सासुरवाशिणी एकमेकींस सांगतात. आता म्हाताऱ्या जाहल्या आहेत, नातवंडांत असतात. उठा, बाड घ्या आणि त्यांजकडे जा." पंत म्हणाले, "त्या तरी काय सांगणार?" ती म्हणाली, "ते तुम्ही मला येऊन सांगा."

रखमाक्का ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत होत्या. अंगाने वाळलेल्या, डोळे मात्र तेज. पंतांनी नमस्कार केला, हकीकत सांगितली, आणि अक्का म्हणाल्या, "वाच." मग पंतांनी गणपतीस नमन वाचिले, अक्कांचा हात सुपात फिरतच होता. गुरू जाहले, गुरूंचे गुरू जाहले, सज्जन-दुर्जन जाहले, हात फिरतच होता. घोडा आला आणि विजांसकट गेला, हात फिरतच होता. पुढे एके ठिकाणी ऐसा मजकूर होता, की राजाची फौज घाट चढत असता ओझ्याचा एक बैल वाटेतच बसला, उठेना, मागे सगळी फौज खोळंबली, आणि बैलवाला त्याजपाशी बसून आपल्या शिदोरीची भाकरी त्यास चारू लागला, आणि शिपाई ओरडला तेव्हा म्हणाला, "राजाला थांबा म्हटले तर समजते. याला समजत नाही." तेथे अक्कांचा हात थांबला. म्हणाल्या, "हे कोणी सांगितले तुला?" "कोणी नाही. नाक्यावर पाहिले आहे." "बरे, पुढे वाच." पुढे पुन्हा वंशावळ लागली आणि हात पुन्हा सुरू जाहला. शेवटी अक्कांनी सूप खाली ठेविले आणि बोलिल्या, "बाळा, माझा हात थांबला तेथे तू आहेस. बाकी तुझ्या आधी होऊन गेलेली माणसे तुझ्या तोंडून बोलत आहेत. त्यांस नमस्कार कर आणि त्यांच्या घरी जाऊ दे." पंतांस रडू आले. म्हणाले, "म्हणजे इतक्या दिवसांचे सगळे वाया?" "वाया कसे? हात तयार जाहला की तुझा. माझे पहिले बाड असेच होते." "त्याचे आपण काय केलेत?" "त्यावर पापड घातले. छान वाळले." हे ऐकून पंत रडता रडता हसले.

मग अक्कांनी गूळ-पाणी दिले आणि पंतांनी मनातील एकेक बाहेर काढिले. म्हणाले, "त्रिंबकास पालखी मिळाली ते सहन होत नाही. लाज वाटते, पण होत नाही." अक्का म्हणाल्या, "त्याचा ग्रंथ वाचलास?" "नाही. वाचवत नाही." "वाच. बरा असला तर शिकशील, वाईट असला तर झोप लागेल." "आणि नोकरी? सोडू काय?" "मुळीच सोडू नको. नोकरी सोडशील तर दर ओळीस विचारशील, की तू मला आणि जिऊला जेवू घालशील ना? ओळ बिचारी भिते. भ्यालेली ओळ कामाची नाही." "परंतु रोज मन लागत नाही, अक्का. कधी आठ आठ दिवस काही सुचत नाही." "नाका काय तू मन लागेल त्याच दिवशी उघडतोस? बैल आले की उघडतोस. तसे बैठकीवर बसावयाचे. कधी एक ओळ येईल, कधी तीही नाही. पण आली तर तू घरी असावास." "आणि त्यांनी पुन्हा परत केले तर?" "करतील की. माझी तर किती परत आली. ज्या दिवशी येईल त्या दिवशी पोटभर रड, जिऊला सांगून रड, लपून नको. दुसरे दिवशी पुन्हा बैठक. ते बाड परत करितात, कोनेरास नव्हे. इतके कळावयास माझे केस पांढरे जाहले, तू आयते घेऊन जा." ऐसे बोलून अक्कांनी निवडलेले तांदूळ जिऊबाईसाठी बांधून दिले आणि पंत परतले.

परत आल्यावर पंतांनी त्रिंबक शामजींचा ग्रंथ मिळवून वाचिला. ग्रंथ उत्तम निघाला, आणि हे तर अगदीच वाईट जाहले. दोन दिवस तो फळीवर पालथा घालून ठेविला. मग पुन्हा वाचिला, या खेपेस कैसे साधिले आहे ते पाहत वाचिला, आणि पाहता पाहता रागाची जागा कौतुकाने कधी घेतली ते त्यांस कळले नाही. मग त्रिंबकपंतांस लिहिले, की ग्रंथ फार आवडला, त्या दिवशी नाक्यावर नीट बोललो नाही त्याची क्षमा असावी. त्याचे उत्तर आले, "कोनेरा, तुझे अक्षर पाहून बरे वाटले. सगळे शाबासकी देतात, परंतु वाचून कोणी बोलत नाही, तू पहिलाच. पालखी चांगली आहे, पण तीत बसून लिहिता येत नाही, हलते. आणि दुसरा ग्रंथ पहिल्यासारखाच व्हावा ऐशी महाराजांची मर्जी असल्याने माझ्याने एक ओळ होत नाही. तू मजेत आहेस." ते वाचून कोनेरपंतांस प्रथम हसू आले आणि मग त्रिंबकाची दया आली, आणि त्या दिवसापासून पालखीचे दुखणे बरे जाहले.

त्याउपरी पंत रोज पहाटे, घाटात बैलांच्या घंटा वाजू लागण्यापूर्वी, बैठकीवर बसू लागले. विषय नाक्याचाच घेतला, की येथे कोण येतो, काय वाहतो, काय बोलतो, काय लपवितो. आरंभी नुसते बोरू तासणे होई. मग एक ओळ, मग दोन, मग एके दिवशी बैलवाला आपणहून येऊन बसला आणि फौजेवाचूनही बोलू लागला. लिहिले की जिऊबाईस वाचून दाखवीत. एकदा ती म्हणाली, "येथे मला झोप आली." पंत तडकले, "तुला लिहिण्यातले काय कळते?" ती म्हणाली, "लिहिणे नाही कळत, झोप कळते." पंत रुसले, पाठ फिरवून बसले, आणि दुसरे पहाटे तो मजकूर पुन्हा वाचिला तो त्यांसही झोप येऊ लागली. मग मुकाट्याने काढून टाकिला, आणि जिऊबाईने पाहिले तरी पाहिले नाही ऐसे दाखविले. ऐसे करिता करिता परिधावी संवत्सर गेले आणि बाड पुरे होत आले.

आता या बाडात एक हवालदार होता. त्यास मिशा होत्या, तो बैलांवर ओरडे, बैल थबकत आणि तो स्वतःच्या आवाजाने दचके, आणि तो कोण हे नाक्यावरील पोरासोरांसही कळले असते. परंतु त्याच हवालदाराचा आणखी एक मजकूर होता. त्याच्या मुलीचे लग्न जाहले, आणि सासरी जाताना तिचा मेणा याच नाक्यावरून निघाला, तेव्हा हवालदाराने सगळ्यांस दूर सारून तिच्या पेट्या आपण स्वतः तपासल्या. एकेक लुगडे उघडी, पाही, घडी घाली, पुन्हा उघडी. वऱ्हाडी कुरकुरू लागले तरी त्याचे तपासणे संपेना, कारण तपासणे संपले की मेणा उठणार. मग मेणा उठला आणि दिसेनासा जाहला, आणि हवालदार पागेत गेला आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. हे कोनेरपंतांनी कडब्याच्या गंजीआडून चुकून पाहिले होते. साऱ्या बाडात त्याहून बरे काही नव्हते हे त्यांस पक्के ठाऊक होते. जिऊबाईने ऐकिले तेव्हा ती चुलीपुढून उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. परंतु नंतर म्हणाली, "हवालदारांस वाचून दाखविलेत?" पंत म्हणाले, "नाही." "दाखवा. गावोगाव वाचिले जाईल. त्यांनी परक्याच्या तोंडून ऐकू नये."

पंत आधी कचरले, कारण नोकरी हवालदारांचे हातात होती. तथापि दुपारी वर्दळ थांबली ऐसे पाहून उंबराखाली वाचावयास बसले. सटवोजी आरंभी पोट धरधरून हसले. "हे खरे आहे! पण शिव्या थोड्या पडल्या, पंत. मी इतका सौम्य नाही." मग मेण्याचा मजकूर आला. सटवोजींचे हसणे थांबले. मिशीवरचा हात मिशीवरच राहिला. वाचणे संपले. मग हवालदार हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही पाहिलेत?" "होय." "कोणास बोललात?" "नाही. कागदासच काय ते." "कागद तर सगळ्यांस सांगेल." मग बोलिले, "माझे हसे करा, पंत. नाका माझ्यावर हसतोच, मला ठाऊक आहे. पण ते माझे आणि तुळजेचे आहे. तिलाही मी ते कळू दिले नाही. मी हवालदार म्हणोन हुकूम करीत नाही. तिचा बाप म्हणोन सांगतो." आणि उठून चौकीकडे गेले.

पंतांनी मग नाना खटपटी केल्या. हवालदाराचा पाटील केला, तर पाटलास पेट्या तपासण्याचा अधिकार नाही. मुलीची बहीण केली, तर रडणे कोरडे जाहले. मेण्याची होडी केली, तर घाटात होडी कोठून? दिवसभर माल लिहिताना चुका होऊ लागल्या, आणि एका तेल्याच्या पावतीवर त्यांनी नारळ लिहिले. शेवटी जिऊबाईपाशी आले आणि म्हणाले, "काय करू? ते काढिले तर ग्रंथाचा जीवच जातो." ती म्हणाली, "त्याशिवाय ग्रंथ उभा राहील?" "राहील. पण लंगडेल." "आणि ते ठेविले, तर हवालदार नाक्यावर उभे राहतील?" सकाळी उठून पंतांनी ती पाने बाडातून काढिली आणि सटवोजींच्या हातात नेऊन दिली. म्हणाले, "माझेपाशी दुसरी नक्कल नाही." सटवोजींनी पाने घेतली, घडी केली, पागोट्यात खोविली, आणि पागेकडे चालते जाहले.

पंत जड मनाने रखमाक्कांकडे गेले आणि सगळे सांगितले. अक्का म्हणाल्या, "तुझे सर्वांत उत्तम तेच होते?" "होय." "दुःख होते?" "फार." "होऊ दे. मी अशी माणसे पाहिली आहेत, एक चांगली जागा लिहितात आणि लग्नाचा शालू जपावा तशी तीच जन्मभर काढून दाखवितात. तुझी गेली. आता तुला पुन्हा लिहावे लागेल, आणि ते तुला येते, हे तुला कळले आहे." पंत बोलिले, "अक्का, मी भ्यालो म्हणोन काढिले, की बरे म्हणोन काढिले, तेच कळत नाही." अक्का म्हणाल्या, "थोडे दोन्ही असेल. तांदूळ न्यावयाचे विसरू नको."

मग बाड ग्रंथशाळेस गेले आणि त्याच चिठीसह परत आले. या खेपेस पंतांनी चिठी एकदाच वाचिली, जिऊबाईस सांगून रडले, जेवले, आणि सकाळी बैठकीवर बसले. आरंभ ढिला आहे हे त्यांस आता दिसले, तो घट्ट केला आणि पुन्हा धाडिले. ऐसे होता होता आनंद नाम संवत्सर लागले आणि ग्रंथशाळेचे मुख्य अधिकारी भास्करपंत यांचे बोलावणे आले. पंत जिऊबाईसह राजधानीस गेले. भास्करपंत जाड भिंगातून पाहत म्हणाले, "ग्रंथ पसंत आहे. मात्र दर अध्यायाचे आरंभी महाराजांची स्तुती पाहिजे, आणि तो वाटेत बसणारा बैल काढून तेथे घोडा घाला, बैल हलका दिसतो." कोनेरपंत भिडस्त, चार वर्षांमागे असते तर घोड्यास पंखही लाविते. परंतु या वेळी म्हणाले, "स्तुती एकदा आरंभी करितो, कागद सरकारचा आहे. दर अध्यायी केली तर महाराजही कंटाळतील. आणि घोडा होणार नाही." "का होणार नाही?" "घोडा वाटेत भाकरी खात बसत नाही, साहेब. तो बसला तर मेला समजावा. बसतो तो बैलच." भास्करपंतांनी भिंग काढिले, पुसिले, आणि हसून म्हणाले, "आमच्या शाळेत बैल पाहिलेला मनुष्य प्रथमच आला. राहू द्या बैल."

मग नकला करण्यापूर्वी भर दरबारात ग्रंथ वाचावा ऐशी आज्ञा जाहली. दरबार गच्च भरला. कोनेरपंत उसने पागोटे घालून बैठकीवर बसले, पाणी प्याले, आणि पहिले वाक्य उच्चारितात तोच बाहेर नौबत वाजली, की शेजारच्या राजाने नजर केलेला हत्ती येऊन पोहोचला, सोन्याने मढविलेल्या सुळ्यांचा. महाराज उठले. महाराज उठले म्हणोन सरदार उठले, आणि सरदार उठले म्हणोन बाकीचे उठले, आणि बघता बघता दरबार रिता जाहला. राहिले ते भास्करपंत, कारण ते त्यांचे काम होते, आणि दाराशी दोन पहारेकरी, कारण त्यांस जाता येत नव्हते, आणि एक वृद्ध सरदार, ते झोपले होते. आणि खांबाआड राजवाड्याच्या स्वयंपाकघरातील एक बाई, ओल्या हातांनी उभी. कोनेरपंतांनी बोट पानावर तसेच ठेवून चौफेर पाहिले. मनी आले, की बाड गुंडाळावे आणि घाटाची वाट धरावी, इतक्या वर्षांचे हे फळ. बायकांच्या बाजूस जिऊबाई एकटीच उरली होती, तिच्याकडे पाहिले. ती डोळ्यांनी म्हणाली, "वाचा." मग पंतांनी खाकरून वाचावयास आरंभ केला, आणि थोड्या वेळाने दरबार रिता आहे हे विसरले, आणि नाका आला, मीठ आले, बैलवाला आला, ओरडणारा हवालदार आला तेव्हा पहारेकरी खदखदून हसले आणि वृद्ध सरदार जागे जाहले. बाहेर हत्तीचा जयजयकार चालिला होता, आत पंत शेवटल्या पानापर्यंत पोहोचले आणि थांबले.

भास्करपंत म्हणाले, "उत्तम." वृद्ध सरदार म्हणाले, "फार उत्तम," आणि पुन्हा झोपले. मग ती स्वयंपाकघरातील बाई पदराला हात पुशीत पुढे आली आणि बोलिली, "पंत, ती बाई पुढे कोठे गेली?" पंतांस प्रथम उमजेना. "कोणती बाई?" "धुक्याच्या संध्याकाळी आली ती. तुम्ही म्हणालात, माल काय, ती म्हणाली, काही नाही. कोठे जाता, तर म्हणाली, अजून ठरले नाही. मग तुम्ही लगेच गुळावर आलात." पंत म्हणाले, "ती होय. ती एका ओळीपुरती आहे. नाक्यावर रिकाम्या हातांचेही लोक येतात, इतके दाखवावयास घातली." "ओळ कसली हो? बाई आहे ती. एकटी धुक्यात गेली. पोहोचली की नाही?" पंतांनी बोलावयास तोंड उघडिले, आणि त्यांचे लक्षात आले की आपणांस ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे आता सोसवतही नाही. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. पण आता कळल्यावाचून चैन पडणार नाही." ती म्हणाली, "मग कळले की सांगा. मी येथेच असते," आणि चुलीवर वरण आहे म्हणोन लगबगीने निघून गेली. जिऊबाई जवळ आली आणि म्हणाली, "चला, सगळे पाहतात तर आपणही हत्ती पाहू." पंत बोलिले, "तू पाहून ये. आणि भास्करपंतांकडून दोन कोरे कागद मिळतात का पाहा." आणि दरबाराच्या पायरीवर, हत्तीकडे पाठ करून, मांडी घालून बसले.

येणेप्रमाणे हकीकत घडली. ग्रंथाच्या नकला गावोगाव गेल्या, काही ठिकाणी लोक हसले, काही ठिकाणी कोणी आलेच नाही. पालखी मिळाली नाही. नाका पंतांनी अखेरपर्यंत सोडिला नाही, आणि बैठकही सोडिली नाही. पुढे आणिक ग्रंथ जाहले, त्यांतील काही परत आले, त्या त्या दिवशी घरात रडणे जाहले आणि दुसरे दिवशी शाई कालविली गेली. धुक्यातील बाईचा ग्रंथ सर्वांत लोकप्रिय जाहला ऐसे जाणते सांगतात. ज्यास लिहावयाचे आहे त्याने ही हकीकत ऐकावी, ऐकून उठावे, आणि आपल्या बैठकीवर जाऊन बसावे. लेखनसीमा.